एका घरात एकदाच

गौरम्माला सरपंच करण्याचं पाप थोडं माझंही आहे. मी इथल्या शाळेत मास्तर, आणि 'एका घरात एकदाच' ही तिच्या प्रचाराची घोषणा माझीच. नायगावजवळच्या आमच्या गावात पंधरा वर्षं सरपंचकी बजरंगरावांच्या घरात होती. आधी स्वतः, मग बायको, मग पुन्हा स्वतः. शिलाई मशीन चालवणारी गौरम्मा त्यांच्याविरुद्ध उभी राहिली आणि महादेवाच्या देवळात तिनं सगळ्यांदेखत बेलभंडार उचलला, "फक्त पाच वर्षं. पुन्हा मी न्हाई, माझ्या घरातलं कुणी न्हाई." अकरा मतांनी निवडून आली.

पहिली दोन वर्षं कागद समजण्यातच गेली. दाखवतील तिथं सही करायची नसते, हे शिकायला सुद्धा वेळ लागतो. नंतर तिनं नांदेडला जिल्हा परिषदेत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई तिला चहा विचारायला लागला. पाचव्या वर्षी पाण्याची टाकी उभी राहिली. नळ गावभर आले, बौद्धवस्ती तेवढी राहिली, आणि मुदत संपली.

मग अख्खं गाव तिच्या दारात. "अक्का, अजून एक डाव उभं राहा." मीही गेलो, निलाजऱ्यासारखा. म्हणालो, "लोकांच्या भल्यासाठी शपथ मोडली तर देव रागवत नाही."

मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "सर, बजरंगराव बी हेच म्हणत होते."

ती उभी राहिली नाही. बजरंगरावांचा मुलगा हरिओम सरपंच झाला. ये रे माझ्या मागल्या! वस्तीसाठी आलेले पाइप त्याच्या प्लॉटिंगकडे गेले. मुदत नसली की माणूस खुर्चीला चिकटतो, हे मीच गावाला शिकवलं होतं. पण मुदत पाळायची ती फक्त इमानदारानं, हा कुठला न्याय? विचार केला की माझं डोकं भणभणतं.

परवा गौरम्माकडे शर्ट टाकायला गेलो, तर वस्तीतली बुद्धप्रिया ब्लाऊजचं माप द्यायला आलेली. विहिरीच्या दोराने तिचे तळहात सोलले होते. ती शांतपणे म्हणाली, "अक्का, तुमी लई चांगल्या हाव. पण आमच्यासाठी एक डाव खोट्या पडला असता, तर काय झालं असतं?"

गौरम्मा तोंडाला पदर लावून रडायला लागली.