वीतभर आखूड दोर

काका म्हणाले, पाणी किती आहे, आणि काकू म्हणाली, दीड वाव. तेव्हा काकांनी सुकाणू वळवलं आणि बोट खाडीत घातली. सकाळचे साडेदहा वाजले असतील. पाच मिनिटांत बोट वाळूवर बसली.

तो त्यांच्या प्रवासाचा एकोणिसावा दिवस होता आणि काकांचा शेवटचा.

काका कोण ते आधी सांगायला पाहिजे. आमचे काका एकतीस वर्षं फेरीबोट चालवायचे. या काठावरून त्या काठावर, अकरा मिनिटं. तिकडे माणसं उतरायची, इकडची चढायची, परत अकरा मिनिटं. त्यावरून त्यांचं नावच पडलं होतं अकरामिनिटं. त्यांनाही ती सवय लागलेली. चहाला किती वेळ, अकरा मिनिटं. दुपारी आडवे व्हायचे तेव्हा म्हणायचे, अकरा मिनिटं डोळा लावतो, आणि खरंच अकराव्या मिनिटाला उठून बसायचे, घड्याळ लावावं त्यावर. लग्न ठरवायला काकूला बघायला गेले होते तेव्हा किती वेळात होकार दिला, असं कोणी विचारलं की काकू म्हणायची, तेवढ्यातच, जास्त वेळ त्यांना जमतच नाही.

एकतीस वर्षांत काकांनी फेरी एकदाही वाळूला लावली नाही. धुकं असो, ओहोटी असो. हे ते स्वतः सांगायचे नाहीत. त्यांच्या फेरीवर तिकीट फाडणारे गृहस्थ होते, ते सांगायचे. येईल त्याला सांगायचे.

मग पूल झाला आणि फेरी बंद पडली. काका घरी बसले. एकदा जेवताना ते म्हणाले की मी आयुष्यभर पाण्यावर होतो, पण नुसता आडवा गेलो. या काठावरून त्या काठावर. खाडीच्या बाहेर पडून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली दक्षिणेला कधी गेलोच नाही. काकू म्हणाली, मग चला, आता उभे जाऊ. ती चेष्टेत म्हणाली होती. काका दुसऱ्या दिवशी जुनी शिडाची बोट बघून आले.

काकू दवाखान्याच्या शिवणखोलीत कामाला होती. सव्वीस वर्षं. फाटलेल्या चादरी, पडदे, डॉक्टरांचे झगे, सगळं तिच्याकडे यायचं. तिथली कामाची रीत अशी की ढीग आला की आधी सगळं उसवायचं आणि मग सगळं एकदम शिवायचं. एकेक उसव, एकेक शिव असं केलं तर दिवस पुरत नाही. ती रीत तिच्या हातात इतकी मुरली होती की घरीसुद्धा बटणं लावायची तर आधी सगळी तोडायची. सुटलेला धागा दिसला की तिला चैन पडायचं नाही. पाहुण्यांच्या बाहीचा धागासुद्धा बोलता बोलता कातरीनं कापायची.

बोटीचं शीड तिनंच शिवलं. बैठकीतल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि महिनाभर ते शीड जमिनीवर पसरलेलं. आम्ही गेलो की भिंतीला चिकटून चालायचो.

आणि पाणी मोजायचा दोर. त्याचं टोक शिशाच्या गोळ्यानं जड केलेलं असतं. तो पाण्यात सोडायचा, बुडाला टेकला की किती दोर भिजला ते बघायचं. बोटीवर यंत्र होतं खोली दाखवणारं, पण काकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि ते दुसऱ्या दिवशी बंदच पडलं. दोरावर दर वावाला खूण लागते. वाव म्हणजे माणसानं दोन्ही हात आडवे पसरले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत. काका बैठकीत हात पसरून उभे राहिले, चिमण्या हाकलायला शेतात उभं करतात ना, तसे. काकू दोर त्यांच्या बोटाला लावून टाचणी टोचत गेली. मग टाचणीच्या जागी कापडाच्या पट्ट्या शिवल्या. पहिल्या वावाला चादरीची, दुसऱ्याला ब्लँकेटची, तिसऱ्याला टॉवेलची, अशा पाच. अर्ध्या अर्ध्या वावाला लाल दोरा. म्हणजे बघायचीही गरज नाही, ओल्या बोटांनासुद्धा चादर कुठली आणि ब्लँकेट कुठलं ते कळतं. ही युक्ती काकूची. काका ज्याला त्याला दाखवायचे, आमच्या बाईनं काय डोकं चालवलंय बघा.

काका उंच. आमच्या बाबांइतकेच, दोघं भाऊ सारखेच, ताडासारखे. काकू त्यांच्या खांद्याच्याही खाली. दोर दोन्ही हात पसरून वाव वाव गुंडाळायचा, तेव्हा तिला हात ताणूनसुद्धा पट्टी सापडायची नाही, बोटांच्या पुढे वीतभर राहायची. काका हसायचे. म्हणायचे, पक्षी लहान, पंख लहान.

पावसाळा सरला, थंडी पडायला लागली, वारा उत्तरेकडून यायला लागला, तेव्हा निघाले. काकू पहिले चार दिवस नुसती उलट्या करत होती. पाचव्या दिवशी फोनवर म्हणाली, आता बरं आहे, आता हेच आजारी पडतील, कारण अकरा मिनिटांच्या वर कधी गेलेच नाहीत. मागून काकांचं हसू ऐकू आलं. दिवसाला पाच सहा तास बोट चालवायचे, मग कुठल्या तरी बंदरात शिरायचे. त्या दोघांना इतकं खूश आम्ही कधी बघितलं नव्हतं. बघितलं म्हणजे, ऐकलं.

सतराव्या दिवशी एका बंदरात काका पाणी भरून आणायला गेले. काकू एकटी बोटीवर बसली होती. तिची नजर त्या दोरावर गेली. खाऱ्या पाण्यानं पट्ट्यांच्या कडा सुटल्या होत्या, धागे लोंबत होते. तिनं कातर काढली. आणि हात नेहमीच्या रीतीनं चालला. आधी सगळं उसवलं. पाचही पट्ट्या, सगळे लाल दोरे. मग बघते तर खुणा कुठे होत्या ते कळेना. दोर ओला, सुईची भोकं मिटलेली. तिला त्यात काही वाटलं नाही. वाव म्हणजे वाव. तिनं स्वतःचे हात पसरले, दोर मोजला, आणि कडा दुमडून सुबक पट्ट्या आणि मधे मधे लाल दोरे शिवले. काका आले, त्यांनी दोरावरून हात फिरवला आणि म्हणाले, आता कसा नव्यासारखा झाला.

पुढचा दीड दिवस खोल पाणीच होतं. दोराची गरज पडली नाही.

एकोणिसाव्या दिवशी त्या खाडीच्या तोंडाशी आले. तिथे वाळू साचते असं काकांना आदल्या बंदरात एका मच्छीमारानं सांगितलं होतं. काकांचा नियम पक्का होता. दीड वाव असेल तर आत, नसेल तर भरती वाढेपर्यंत बाहेर थांबायचं. लाट खाली बसली तरी बोटीच्या बुडाखाली थोडं पाणी उरलं पाहिजे. त्यांनी विचारलं, काकूनं दोर टाकला, लाल दोरा बोटांना लागला, आणि ती म्हणाली दीड.

बोट दोनदा आपटली आणि मग बसली. काकांनी इंजिन उलटं चालवलं, नुसतं गढूळ पाणी उसळलं. त्यांनी काकूकडे बघितलं. रागानं नाही.

दीड म्हणालीस ना?

हो. दीडच लागलं हाताला.

काका पाण्याकडे वळले. मग म्हणाले, मग भरतीचं गणित माझंच चुकलं.

त्यांनी नांगर छोट्या होडीत घातला, वल्ही मारत खोल पाण्यात नेऊन टाकला, परत आले, आणि बोट नांगराकडे सरकावी म्हणून त्याचा दोर हातानं फिरवायच्या चरखीनं ओढायला लागले. वय त्रेसष्ट. काकू म्हणाली, थांबा, भरती येईल, आपोआप निघेल. ते म्हणाले, लोकांनी बघायच्या आत निघू दे. किनाऱ्यावर दोघं तिघं उभे राहून बघतच होते. पाऊण तास ओढलं तेव्हा बोट हलली. काकांनी ती आत शांत पाण्यात नेऊन नांगरली. घामानं निथळत होते, तोंड पांढरं पडलेलं. म्हणाले, एकतीस वर्षांत नाही झालं ते आज झालं. घरी सांगू नकोस. मग आत बाकावर आडवे झाले आणि म्हणाले, अकरा मिनिटं डोळा लावतो.

काकू बाहेर बसून मापाचा दोर गुंडाळायला लागली. हात पसरला. चादरीची पट्टी तिच्या बोटाच्या टोकाला आली. पुन्हा पसरला, ब्लँकेटची पट्टी बरोबर टोकाला. ताणावं लागलं नाही. तेव्हा तिला कळलं.

इथून पुढचं काकूनं आम्हाला फार उशिरा सांगितलं, आणि मान खाली घालूनच सांगितलं. तिनं त्यांना उठवलं नाही. तिनं कातर घेतली. तिला वाटलं, ते उठायच्या आत हे उसवून टाकावं. दुपारी सहज म्हणावं, अहो, पट्ट्या निघाल्यात, जरा हात पसरून उभे राहा. म्हणजे त्यांना कधी कळणार नाही. टॉवेलची पट्टी उसवली. पुढची उसवली. घड्याळात बघितलं तर अकरा मिनिटं होऊन गेली होती. ते उठले नाहीत याचं तिला बरंच वाटलं. अजून थोडा वेळ मिळतोय असं वाटलं. पाचव्या वावाची पट्टी उसवेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली. तेव्हा ती आत गेली.

किनाऱ्यावर बघत उभे होते तेच लोक धावून आले. डॉक्टर म्हणाले, हृदय. बंदरातल्या कारकुनानं कागद भरला. बोट वाळूला लागण्याचं कारण, असं लिहिलं होतं त्याच्यापुढे त्यानं लिहिलं, चालकाचा अंदाज चुकला. काकूला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर? काकूनं सही केली.

बाबा गाडीनं जाऊन दोघांना घेऊन आले.  वाटभर तो दोर काकूनं मांडीवरच्या पिशवीत ठेवला होता.

घरी लोक येत होते. फेरीवरचे जुने सगळे आले. इंजिन बघणारे आले, धक्क्यावरचा पहारेकरी आला. तिकीट फाडणारे रडले. मग रडून झाल्यावर माणसं बोलतात तसं बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं, वाळूत घातली म्हणे. कोणी म्हणालं, फेरी सोडून तीन वर्षं झाली, हात गेला असेल. तिकीट फाडणारे म्हणाले, वय झालं की नजर जाते, काय करणार, आमचा अकरामिनिटं पण शेवटी माणूसच. ते मायेनंच म्हणाले. पण इतकी वर्षं कधी वाळूला लावली नाही असं सांगणारे तेच होते, आणि आता ते म्हणणं त्यांनीच सोडून दिलं. काकू चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. कप दिले आणि आत गेली.

त्यानंतर ती जेवेना. आम्हाला वाटलं दुःख आहे. आई तिच्याजवळ निजायची. एकदा काकू तिला म्हणाली, मी शिवणखोलीत सव्वीस वर्षांत एकही माप चुकवलं नाही, असं मला साहेबांनी निरोपाच्या दिवशी म्हटलं होतं. आईला वाटलं, अशीच काहीतरी जुनी आठवण. आई म्हणाली, हो ना, तुमचा हात फार चांगला. काकूनं तोंड फिरवलं.

सतरा अठरा दिवस गेले असतील. रविवारी दुपारी तिकीट फाडणारे पुन्हा आले. काकांचा फेरीवरचा फोटो त्यांना सापडला होता, तो द्यायला. बाबाही होते. फोटोत काका चाकाजवळ उभे, तोंडावर हसूबिसू काही नाही. तिकीट फाडणारे म्हणाले, काय माणूस होता, शेवटची एक चूक सोडली तर.

काकू उठली. आतून पिशवी आणली. दोर काढला. बैठकीतली खुर्ची पायानं बाजूला केली आणि बाबांना म्हणाली, भावजी, जरा इथे उभे राहा. हात पसरा.

बाबांना काही समजेना. म्हणाले, वहिनी, काय झालं?

पसरा तर.

बाबांनी हात पसरले. काकूनं दोराचं टोक त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला धरायला दिलं आणि दोर छातीवरून ओढत डाव्या हाताकडे नेला. चादरीची पट्टी डाव्या मनगटापाशी संपली. पुढे सगळा पंजा रिकामा.

हे काय आहे, तिकीट फाडणाऱ्यांनी विचारलं.

काकू त्यांच्याकडे बघून बोलली. एकदाच, आणि हळू. म्हणाली, हा पाणी मोजायचा दोर. मी माझेच हात पसरून मोजला आणि शिवला. त्यांना दीड म्हणून सांगितलं, तिथे दीड नव्हतं. त्यांचा अंदाज चुकला नव्हता. बंदरातल्या कागदावर खोटं लिहिलंय आणि त्याखाली मी सही केली आहे.

 तिकीट फाडणारे फोटो हातात धरून बसले होते, तो त्यांनी पालथा मांडीवर ठेवला, मग परत सुलटा केला. म्हणाले, मी सांगतो सगळ्यांना. काकू म्हणाली, सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

मग तिनं डब्यातून टाचणी काढली आणि बाबांच्या डाव्या हाताच्या टोकाला, जिथे वाव खरा संपतो, तिथे दोरात टोचली. चादरीची पट्टी उसवली. फक्त तेवढीच. ब्लँकेटच्या पट्टीला हात लावला नाही. सुई ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. ती शिवत होती आणि बाबा हात पसरून तसेच उभे होते. खाली घ्या असं तिनं म्हटलं नव्हतं.