मधल्या खोलीतला एसी

बंगळूरला एसी घ्यायचा म्हणजे नदीकाठी विहीर खणायची, असं आमच्या अण्णांचं मत होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या घराण्याला या गावात तीनशे वर्षं झाली होती आणि इथल्या हवेचं थोडंफार श्रेय ते स्वतःकडेही घेत. "आमच्या लहानपणी मे महिन्यात शाल लागायची," हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. मी नागपूरची. आमच्याकडे मे महिन्यात कुणी शाल नुसती दाखवली तरी माणूस पळून जाईल. त्यामुळे बसवनगुडीतल्या त्या घरात पहिली दोन वर्षं मी इथल्या उन्हाळ्याची थट्टा करण्यात घालवली. मग मुलगी झाली आणि थट्टा संपली.

तिला घाम येत नव्हता. जन्मतःच अंगात घामाच्या ग्रंथी नव्हत्या, असल्या तरी नसल्यासारख्याच. हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तोवर ताप समजून तिला किती औषधं पाजली, आठवलं की अजून वाईट वाटतं. केस विरळ, दात मोजके आणि टोकदार, हसणं मात्र तोंडभर. डॉक्टर म्हणाले, बुद्धीला काही धोका नाही, आयुष्याला काही धोका नाही, फक्त हिला तापू देऊ नका. फक्त! बाहेर ऊन चढलं की हिचं अंग चढायचं, एकशे एक, एकशे दोन. मग ओला सदरा घालायचा, तो वाळला की दुसरा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत बंगळूरची हवा तिला छान मानवायची. मार्च संपता संपता माझी नणंद कुन्नूरहून बसने यायची आणि तिला दोन महिन्यांसाठी घेऊन जायची. नणंदेला मूलबाळ नव्हतं आणि तिच्याकडे डोंगरावर एप्रिलमध्येही सकाळी स्वेटर लागायचा. सगळ्यांच्याच दृष्टीने हे फार सोयीचं होतं.

माझ्या दृष्टीने नव्हतं. ती चार वर्षांची होती त्या जूनमध्ये मी तिला आणायला गेले. ती दारात आली, माझ्याकडे बघितलं, आत गेली, आणि पाहुण्यांना देतात तसा पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून घेऊन आली. नणंद कौतुकाने म्हणाली, "बघ, किती छान वळण लागलंय." मी ते पाणी प्यायले. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, पुढच्या उन्हाळ्यात ही कुठेही जाणार नाही. त्यासाठी काय वाटेल ते करावं लागलं तरी बेहत्तर.

खरं तर त्या वर्षीही मी हातपाय मारून पाहिले होते. नागपूरला बाबांना फोन केला. "काहून घाबरून राहिली? कूलर पाठवतो," म्हणाले, आणि खरंच पाठवला. कपाटाएवढा लोखंडी कूलर रेल्वेने यशवंतपूरला उतरला आणि टेम्पोतून आमच्या दारात आला. गल्ली गोळा झाली. कूलरचं एक साधं शास्त्र आहे, आमच्याकडे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: कूलर चालू केला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर घरात नुसती ओल कोंडते. पण इथे ते कुणाला ठाऊक असणार? मी हे न सांगताच बाजारात गेले, आणि अक्कांनी गारवा बाहेर जाईल म्हणून मायेने झाडून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. अक्का म्हणजे सासूबाई. त्या घरात त्यांना त्यांची मुलंही अक्काच म्हणत. मी परतले तेव्हा भिंती दमटल्या होत्या, पोरीचा ओला सदरा वाळायचं नाव घेत नव्हता आणि अंग एकशे तीन होतं. तिसऱ्या दिवशी नणंद येऊन तिला घेऊन गेली. मी अक्कांशी आठ दिवस बोलले नाही. "मला ठाऊक नव्हतं गे," त्या एकदाच म्हणाल्या. चूक माझीही होती, पण तेव्हा ते कबूल करण्याइतकी मी मोठी नव्हते.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नवऱ्याने एसीचा विषय काढला. त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरांसाठी एसी होता आणि माणसं बिचारी स्वेटर घालून बसत. तिथे छतातून पत्र्याची मोठमोठी नळकांडी फिरवलेली मी पाहिली होती, त्यामुळे एसी म्हणजे ती नळकांडी अशीच माझी समजूत होती. आमच्या कौलारू घरात ती कुठून न्यायची? नवरा म्हणाला, आता त्याशिवायचा एसी मिळतो, दुकानातल्या माणसाला घर तर दाखवू. पैशाची ओढाताण होणारच होती, पण त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. ते मी विसरलेले नाही.

दुकानातला माणूस पन्नाशीचा होता, हातात छत्री आणि मोजायची टेप. तो अण्णांशी कन्नडात बोले आणि माझ्याशी हिंदीत. मला वाटलं होतं, हा आल्या आल्या यंत्राचं कौतुक सुरू करेल. त्याने आधी चपला काढल्या, पाणी घेतलं, आणि मग खोलीखोलीत जाऊन नुसता वर बघत राहिला. पुढची खोली कौलांची, तिच्यात गारवा टिकणार नाही. झोपायच्या खोलीवर उघडी गच्ची, दुपारभर तापते, तिथे यंत्र नुसतं धापा टाकत राहील. मधल्या खोलीत मात्र तो थांबला. तिच्यावर माडीची खोली होती, भिंती हातभर जाड, एकच खिडकी, आणि छताजवळ दोन झरोके, त्यांना दारंच नव्हती. "ही," तो म्हणाला.

खिडकीत बसवायचा एसी इथे चालणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. खिडकीचे गज दगडी चौकटीत ओतलेले होते, ते काढायचे तर भिंतच पाडावी लागली असती. त्यापेक्षा हा नवा प्रकार बरा: एक डबा आत, एक बाहेर, मधे तीन बोटं जाड पाइप. अण्णांनी त्याला उलटसुलट विचारलं. करंट गेला तर? "करंट गेला की हाही जाणार, अण्णा. पण खोली घट्ट बंद असेल तर तासभर तरी गार राहील." मीटरपासून वेगळी वायर ओढावी लागेल, स्टॅबिलायझर लागेल, झरोक्यांना काचा बसवाव्या लागतील, असं त्याने स्वच्छ सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "दहा दिवस वापरून बघा. तुमच्या घराला नाहीच जमलं तर मी परत नेतो. भिंतीतलं भोक तेवढं तुमचं."

त्या भोकावर अण्णा खूश झाले. इतकं खरं बोलणारा विक्रेता त्यांनी तीनशे वर्षांत पाहिला नव्हता. अक्कांनी फक्त विचारलं, "झरोके बंद करायचे?" झरोके हा त्यांचा जीव की प्राण. कोंडल्या हवेने माणूस आजारी पडतं असं त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या. पण आदल्या वर्षीपासून खिडक्यांच्या बाबतीत त्यांनी बोलणं सोडलं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झरोक्यांना काचा लागल्या आणि गुरुवारी एसी बसला. शुक्रवारी सकाळी नणंद आली, नेहमीसारखी. रविवारच्या बसची दोन तिकिटं काढूनच आली होती. नवऱ्याने निकाल दिला: रविवारपर्यंत पोरीला ताप आला नाही तर ती राहील, आला तर आत्याबरोबर जाईल. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी दुपारी उन्हाने कहर केला. मधल्या खोलीत एसी घरघरत होता, त्याच्या तोंडाशी हात धरला तर वारा गार लागत होता, पण खोली काही गार होईना. दोन वाजता पोरीचं अंग शंभर. चार वाजता शंभर पॉइंट सात. मी पुन्हा ओला सदरा बाहेर काढला. नणंद उठली आणि पोरीची पिशवी भरायला लागली. ती दुष्ट नव्हती, उलट मायाळूच होती, पण त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. अण्णांनी दुकानात फोन केला. तो माणूस बाहेर गेला होता, उद्या येईल म्हणाले. "आपल्या घराला नाही जमत हे," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःचं म्हणणं खरं ठरल्याचं वाईट वाटलेलं दिसलं.

दिवेलागणीला अक्का देवापुढे दिवा लावून उदबत्ती घेऊन निघाल्या. रोज त्या ती घरभर फिरवत, प्रत्येक खोलीत जरा थांबत. मधल्या खोलीत पोर गादीवर पेंगत होती, मी तिच्या पायांवरून ओलं फडकं फिरवत होते. अक्का उभ्या राहिल्या. उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा सोडून खिडकीकडे वाकला होता. त्या धुराबरोबर गेल्या आणि जाड पडदा बाजूला केला. खिडकी चार बोटं उघडी होती.

ती मीच उघडी ठेवली होती. बसवणाऱ्याने "सगळं बंद ठेवा" म्हणून सांगितलं होतं, मी मानही डोलावली होती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नागपूरची सवय आणि आदल्या वर्षीची ती कोंदट खोली, दोन्ही माझ्या डोक्यात होत्या. पोरीला जरा वारा राहू दे म्हणून मी गुरुवारीच खिडकी ढकलून वर पडदा ओढला होता, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. कूलरला उघडी खिडकी लागते, एसीला बंद. इतकं साधं. आणि मी स्वतःला उन्हाळ्यातली तज्ज्ञ समजत होते.

अक्कांनी खिडकी लावली, कडी घातली, खालच्या फटीत आपला जुना पंचा कोंबला. मग माझ्याकडे वळल्या. मी खाली बघत होते.

"आता आठ दिवस मी बोलायचं नाही का तुझ्याशी?" त्या हळूच म्हणाल्या.

मी हसायला गेले आणि रडूच आलं. "चुकलं माझं अक्का. मागच्या वर्षीचंही," मी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, उदबत्तीची राख माझ्या खांद्यावर पडली. बाहेरून नणंदेने विचारलं, काय झालं? "काही नाही," अक्का म्हणाल्या. "यंत्र नवीन आहे, स्वल्प वेळ द्या त्याला." खिडकीची गोष्ट त्यांनी अण्णांना सांगितली नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. त्या असेपर्यंत ती आमच्या दोघींतच राहिली.

तासाभरात खोली गार झाली. शनिवारी दुपारी तीन वाजता, अगदी कडक उन्हात, पोरीचं अंग अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होतं. मी थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. तेवढंच. अण्णा तर खुर्ची घेऊन आतच येऊन बसले आणि संध्याकाळी शाल मागू लागले.

रविवारी सकाळी नणंदेने पिशवीतले छोटे कपडे एकेक करून परत कपाटात लावले. "स्वेटर कुन्नूरलाच आहे. राहू दे तिथे," म्हणाली. मी तिला म्हटलं, उन्हाळ्यात तुम्हीच इथे राहायला या. ते मी मनापासून म्हटलं आणि तिलाही ते कळलं असावं, कारण पुढची कित्येक वर्षं ती आली.

पण त्या दिवशी ती एकटी रिक्षात बसली आणि पोरीने भोकाड पसरलं. आत्या हवी, आत्या हवी. अण्णा, अक्का, नवरा, तिघंही सवयीने तिला गप्प करायला धावले. रडलं की तिचं अंग तापायचं, म्हणून ऊन असलं की आम्ही तिला कधी रडूच देत नसू. लगेच खाऊ, लगेच खेळणी, लगेच काहीतरी खोटंनाटं सांगायचं. मी तिला उचललं, मधल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मांडीवर घेऊन बसले. ती अर्धा तास रडली, हातपाय आपटून, माझ्या पदराला नाक पुसत. मी मधूनमधून तिच्या कपाळाला हात लावून बघत होते. कपाळ गारच होतं. म्हटलं, रड बाई, हवं तेवढं रड.