राणीचं शब्दलेखन

बाबा एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर हिंगोलीला आमच्याकडे राहायला आले. गाडी मागे घेण्यात डेपोत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरात मात्र एकदा बोललेला शब्द मागे घेणं त्यांना कधीच जमलं नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्या आल्या ते माझ्या लेकीला म्हणाले, "ते चेटकिणीचं पुस्तक घरात नको. पुढच्या रविवारच्या आत काढ." पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशाला बायबलमधलं जादूटोण्याविरुद्धचं वचन घेतलं होतं, आणि लेकीच्या पुस्तकावर नेमकी काळ्या झग्यातली राणी होती. तिच्या मावशीने नांदेडहून वाढदिवसाला पाठवलेली ती इंग्रजी अद्भुत कादंबरी, मराठीत आणलेली.

लेकीने पुस्तक कपाटावर ठेवलं आणि त्या संध्याकाळपासून आजोबांना बायबल वाचून दाखवणंही बंद केलं. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. रोज दिवेलागणीला बाजेवर बसून दोघांचं वाचन चालायचं, आणि वाचनापेक्षा गप्पाच जास्त. आता ते बाजेवर एकटे आणि ही आत गणितं करत बसलेली. मला दोघांचाही राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. ही जोडी तुटली तर बाबांना या घरात दुसरं कोण होतं?

मी स्वतः विज्ञानकथांवर वाढले. यंत्रमानव, परग्रह, काळाच्या मागे जाणारी माणसं. बाबांनीच त्या डेपोसमोरच्या रद्दीवाल्याकडून आणून दिल्या होत्या. यंत्रमानव चालतो आणि चेटकीण चालत नाही, हे गणित मला काही सुटेना. पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून आपल्यासारखी विश्वासी ख्रिस्ती माणसं अशा पुस्तकांबद्दल काय म्हणतात, ते मी मोबाइलवर शोधायला बसले. मराठीत काहीच मिळालं नाही. इंग्रजीत मात्र अख्खी वेबसाइट निघाली, ख्रिस्ती आईबापांनी लिहिलेल्या विज्ञानकथांच्या आणि अद्भुत कथांच्या परीक्षणांची. मारामारी किती, शिव्या किती, जादू कुणाच्या हातात, देवाविषयी पुस्तक काय सांगतं, सगळं तांदळातल्या खड्यांसारखं निवडून ठेवलेलं. आमची राणीही त्यात होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच चहा सांडला.

बाबांना इंग्रजी येत नाही. मी ते पान मोबाइलकडूनच मराठीत करून घेतलं आणि शनिवारी संध्याकाळी बाजेजवळ खुर्ची ओढून मोठ्याने वाचू लागले. "नायिका क्वचितच शब्दलेखन करते. दुष्ट राणीचे शब्दलेखन मात्र अतिशय धोकादायक आहे."

"शब्दलेखन मंजे?" बाबांनी विचारलं.

"स्पेलिंग," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजीत 'स्पेल' म्हणजे मंत्रही होतो. मोबाइलने नको तो अर्थ उचलला होता.

बाबा खूश झाले. "मंग त्यात पाप कायचं? हिचं स्पेलिंग तसंबी कच्चंच हाय. वाचू दे की."

आयतं जमून आलं होतं, मी कशाला बिघडवू? पण लेक आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली.

"आजोबा, स्पेलिंग न्हाई ते. मंतर हाय. मोबाइल चुकला."

बाबांचा चेहरा उतरला. मला तर तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"गप बसली असतीस तं पुस्तक राहिलं असतं," ते म्हणाले. "काहून सांगितलंस?"

"तुमाला दिसत न्हाई म्हणून मी वचनातली एक ओळ बी कधी गाळली न्हाई," ती म्हणाली. "मंग आता कशी गाळू?"

बाबा बाजेवर जरा सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली.

"आण ते पुस्तक, माय. पहिल्या पानापासून वाच," ते म्हणाले. "आन् राणीचे मंतर बी गाळू नको."