वानखेडे मास्तर आणि माझी भाकरी

“वानखेडे मास्तर तर अ‍ॅन्युअल डेनंतर खलास! कमिटीनं...”

एवढं ऐकलं, आणि कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे आमच्या वाण्याच्या दुकानात, बोलणाऱ्या दोघी मला बघून गप्पच झाल्या. आता सांगा, अर्धी बातमी घेऊन माणसानं घरी जावं कसं?

इथं आखातात, उम्म अल हस्सममधल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती एवढ्या पातळ, की शेजाऱ्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत. आपण नुसतं बसलं तरी साठतात! आणि मिलिंद वानखेडे मास्तर तर भिंतीपलीकडचेच. मूळचे नागपूरचे. वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. मास्तर मात्र बोटीवरच्या बँडमध्ये लागले आणि तिथं क्यूबाच्या एका म्हाताऱ्याकडून काँगा शिकले. काँगा म्हणजे कमरेएवढा ढोल, हातानं वाजवायचा. आता झिंजच्या म्युझिक स्कूलमध्ये मुलांना लॅटिन जॅझ शिकवत होते.

* * *

ते नवीन राहायला आले तेव्हा भिंतीतून सारखं टक्… टक्… टक्, टक्-टक्! मी आमच्या ह्यांना चौकशीला पाठवलं. हे तासाभरानं परतले ते टेबल वाजवतच.

“अगं, तीन आणि दोन! त्यांचं सगळं संगीत ह्याच्यावर उभं असतं.”

“आणि तुमचा चहा? तो केव्हाचा उभाय!”

* * *

मास्तरांच्या क्लासातला बंटी, त्याचे पप्पा इंजिनिअर. एकदा जिन्यातच मास्तरांना अडवलं. “वर्ष होत आलं, बंटीला पिक्चरचं एक गाणं येत नाही!”

“साहेब, पाया खोदून राहिलो ना.”

“अहो, आम्ही इथं भाड्यानं राहतो. पाया कशाला?”

* * *

रमजानचे दिवस. मोठ्यानं वाजवायची सोय नाही, म्हणून मास्तर पोरांना घरीच बोलवून सोफ्याच्या उशांवर ठेका शिकवत. पोरांना काही तो जमेना. “सर, व्हेन डू वुई कम इन?” सारखं तेच!

इकडे मी इफ्तारसाठी तांदळाची भाकरी थापत होते. माझी सवय अशी, तीनदा सावकाश थापायचं, परात फिरवायची, मग दोनदा पटपट. दार उघडंच होतं. मास्तर धावत आले.

“खाला, थांबू नका! थापत राहा!”

“अरे, फाटेल ना भाकरी!”

“फाटू द्या ना बाप्पा! ठेका तोच हाय!”

तेव्हापासून घरात मराठीला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी पोरं जिन्यात ओरडत फिरायला लागली, “भा… क… री, चट-णी!” आमच्या ह्यांनी मात्र त्या दिवशी फाटक्या भाकऱ्यांवर मुकाट रोजा सोडला.

* * *

तर ती अर्धी बातमी. शेवटी मी मास्तरांनाच विचारलं, “खलास म्हणजे काय हो?”

“कमिटी म्हणते, पालकांना कीबोर्डवर पिक्चरची गाणी पायजेत. अ‍ॅन्युअल डेला रंग भरला नाही तर माझा क्लास बंद. क्लास बंद म्हणजे व्हिसाही बंद, खाला.”

“मग आता?”

“इंशाल्ला,” असं म्हणाले आमचे बौद्ध मास्तर!

* * *

अ‍ॅन्युअल डेला पोरांनी झकास सुरुवात केली. इतकी झकास, की पालकांना राहवेना, सगळे टाळ्या वाजवायला लागले. पण भजनाच्या! त्या सरळ टाळ्यांत पोरांचा ठेका हरवला. एक पुढं, एक मागं, बंटी तर थांबलाच. मास्तरांचा चेहरा पांढरा. कमिटीचे चेअरमन घड्याळ बघायला लागले.

माझ्या पिशवीत शिरखुर्म्याचा रिकामा डबा होता. उठले. झाकणावर तीनदा थापलं, डबा फिरवला, दोनदा थापलं. परत तसंच. आणि जोरात ओरडले, “भा… क… री!”

स्टेजवरून सगळी पोरं, “चट-णी!”

आणि गाडी लागली की रुळावर! अख्खा हॉल भाकरी-चटणी करायला लागला. स्वतः चेअरमनसुद्धा!

* * *

त्या दोघींची बातमी अगदीच खोटी नव्हती हं. पुढच्या महिन्यात शाळेच्या बोर्डावरून ‘लॅटिन जॅझ’ पुसलं गेलं. तिथं लिहिलं होतं, ‘फिल्मी कीबोर्ड. शिक्षक: एम. वानखेडे.’

मी मुद्दाम बघायला गेले. आत कीबोर्डवर पिक्चरचं गाणं चाललेलं. बाहेर बंटीचे पप्पा त्याला न्यायला आलेले, गाडीला टेकून उभे. बोटं गाडीच्या टपावर. टक्… टक्… टक्, टक्-टक्.

“काय साहेब, काय वाजवताय?”

“मी? छे! कुठं काय?”