आवाज खाली पोचू नये म्हणून

ग्रेडी टॉलिव्हरला घरी येऊन एकेचाळीस दिवस झाले होते, आणि एवढ्या दिवसांत तो एका खुर्चीत सलग अर्धा तास बसला नव्हता. कॉफीचा मग हातात घेऊन स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून अंगणात, अंगणातून पुन्हा आत.

"नेहमी डावीकडूनच वळतोस, माहितीय?" त्याची बायको रोंडा म्हणाली. "त्या बाजूचा गालिचा झिजलाय."

अकरा वर्षं तो लष्करासाठी टेहळणीचं विमान उडवत होता. गणवेश नाही, हुद्दा नाही, कंपनीचा कंत्राटी वैमानिक. साठ दिवस तिकडे वाळवंटावर, साठ दिवस इकडे फ्लोरिडात, पाइनच्या रानाला लागून असलेल्या घरात. तिकडचं काम म्हणजे कुणाच्या तरी अंगणाभोवती सहा-सहा तास डाव्या अंगाने घिरट्या. कॅमेऱ्याचं चित्र त्याला दिसायचंच नाही. मागे बसलेला माणूस पडद्यावर बघून सांगायचा, म्हातारा बाहेर आला, बाईने शेळी बांधली. खालच्या कुणी मान वर करू नये, एवढंच ग्रेडीने बघायचं. त्यासाठी उंच राहायचं, लांब राहायचं, आणि वारा आवाज पलीकडे नेईल त्या बाजूला राहायचं.

तिकडच्या पुढच्या साठ दिवसांच्या कराराचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता. शुक्रवारपर्यंत सही हवी होती. रोंडा त्याबद्दल बोलत नसे, पण फ्रिजचं दार हल्ली जोरात लागत होतं. तिचे वडील, मिस्टर एल्बर्ट, हिवाळ्यापासून त्यांच्याकडेच राहत होते. वय चौऱ्याऐंशी. वार आठवत नसे, कधीकधी लेकसुद्धा आठवत नसे. एक गोष्ट मात्र पक्की होती. जवळच्या हवाई तळावरून शिकाऊ वैमानिकांचं विमान घरावर आलं, की ते हातातला घास टाकून बाहेर जात आणि टोपी हलवत.

"ते बघत नाहीत, मिस्टर एल्बर्ट," ग्रेडी एकदा म्हणाला होता.

"तुला काय माहीत? तू कधी वर गेलायस?"

बुधवारी दुपारी रोंडा चर्चच्या जेवणासाठी मक्याचा पाव भाजत होती. वडील पडवीतल्या झोपाळ्यावर होते आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायचं काम ग्रेडीकडे होतं. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. बोलता-बोलता तो घराला वळसे घालू लागला. तिसऱ्या वळशाला झोपाळा रिकामा होता.

"एका माणसावर नजर ठेवायची होती, ग्रेडी," रोंडा म्हणाली. "एका."

चार वाजेपर्यंत निम्मं चर्च त्यांना शोधायला रानात शिरलं होतं. ऊन मी म्हणत होतं, म्हाताऱ्याजवळ पाणी नव्हतं, आणि रानापलीकडे दलदल आणि नदी. ग्रेडीने ओळखीच्या एकाचं लहान विमान मागून घेतलं आणि उडाला. पुढचं हातांनी सवयीने केलं. आठ हजार फूट उंची, रानापासून जरा लांब, वारा आवाज पलीकडे नेईल त्या अंगाला, डावं वळण. खाली रान शेवाळासारखं दिसत होतं. मागे सांगणारं कुणी नव्हतं. चाळीस मिनिटं तो असाच फिरत राहिला. मग रोंडाचा फोन लागला.

"कुठं आहेस?"

"तुमच्यावरच. जरा पूर्वेला."

"मला काहीच ऐकू येत नाही."

"येणारच नाही," तो म्हणाला. आवाजात थोडी ऐटही होती, ती त्याला नंतर बोचली.

"कुणापासून लपतोयस तू? माझे वडील आहेत ते. खाली ये. त्यांना आवाज जाऊ दे. आवाज ऐकला की ते आपणहून बाहेर येतील."

तो उतरू लागला. दर शंभर फुटांनी जणू अंगावरचा एकेक कपडा निघत होता. पाचशे फुटांवर त्याने इंजिनाचा पूर्ण जोर लावला. पाइनचे शेंडे थरथरले. नदीवरच्या पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला झाडीतून पांढऱ्या वाळूवर एक माणूस आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, आणि टोपी हलवू लागला.

अकरा वर्षांत त्याला खालून कुणी हात केला नव्हता. आपण काय करायचं असतं, तेच क्षणभर सुचेना. मग त्याने पंख हलवले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि रोंडाला जागा सांगितली.

संध्याकाळी मिस्टर एल्बर्ट ताकात मक्याचा पाव कुस्करून खात होते. ब्रदर हॉलिस, त्यांचे पाद्री, आभाराची प्रार्थना म्हणून नुकतेच गेले होते.

"आज एकाने बघितलं," म्हातारा ग्रेडीला म्हणाला. "पंख हलवले त्याने. तू म्हणतोस, बघत नाहीत."

"चुकलं माझं."

"चांगला माणूस असणार."

ग्रेडीला खुर्चीत बसवेना. मघाशी प्रार्थनेला मान खाली घातली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नदी नव्हती. ते अंगण होतं, शेळी होती, आणि तोंड न पाहिलेला तो म्हातारा. त्यालाही एखादी लेक असेल.

शुक्रवारी त्याने कंपनीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. रोंडाने कागद काढला, चुंबक तसाच ठेवला.

"आता तरी बस," ती म्हणाली.

तो बसला. बारा मिनिटं झाली असतील, घरावरून विमान गेलं. म्हातारा टोपी घेऊन उठला, आणि या वेळी ग्रेडी त्याच्या मागोमाग अंगणात गेला. टोपी हलवून झाली, विमान दिसेनासं झालं, म्हातारा आत आला. ग्रेडी मात्र बराच वेळ तिथेच उभा होता, मान वर करून, जिथून काहीच ऐकू येत नव्हतं त्या आभाळाकडे बघत.