नानांच्या पुढे जाण्याविषयी

गेल्या वर्षीच्या शर्यतीत काय घडले, ते आधी क्रमाने लिहिते.

१. भडगावजवळ गिरणेवरच्या बंधाऱ्याला पावसाळा संपल्यावर फळ्या बसवतात आणि मागे पाणी साठते. त्या पाण्यात दरवर्षीप्रमाणे दिवाळीनंतर दोन किलोमीटरची पोहण्याची शर्यत झाली. सुरुवात वरच्या चिंचेपासून. शेवट घाटाच्या खालच्या पायरीला हात लावून.

२. सुकलाल नाना पहिले आले. वेळ सेहेचाळीस मिनिटे दहा सेकंद. वय एकोणसाठ.

३. त्यांच्या मागून चौघे आले. चौघेही अकरा सेकंदांच्या आत.

४. पायरीच्या सुमारे दोनशे मीटर अलीकडे नानांचा उजवा हात थांबला. चाळीस सेकंद ते एकाच जागी होते. मागचे चौघेही आपापल्या जागी थांबले.

५. नाना पुन्हा निघाले. मग चौघे निघाले.

६. मी वेळा लिहिल्या, निकालावर सही केली, ढाल नानांना मिळाली. मी कोणाशी काही बोलले नाही.

सहाव्या मुद्द्यातली चूक माझी आहे. नानांच्या साठीच्या गौरवग्रंथात ती लिहावी का, हे मी त्यांनाच विचारले. त्यांचे उत्तर पुढे येईल.

माझी आणि नानांची पहिली भेट आठ वर्षांपूर्वी पाटाच्या काठावर झाली. मी पिंप्राळ्याची. स्थापत्यशास्त्राची पदविका घेऊन पहिल्याच नोकरीत पाटातल्या पाण्याचा प्रवाह मोजायला आले होते. काठावर वाकून यंत्र पाण्यात सोडत असताना मागे एक मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवर विहिरीतली मोटार दोरीने बांधलेली होती.

"काय मोजते, बेटा?"

"पाण्याचा वेग."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग त्यानं तुझाच वेग मोजला तर?"

मला हसू आले नाही. त्यांनाही ते अपेक्षित नव्हते. "रविवारी सकाळी घाटावर ये. अक्का असतात," एवढे सांगून ते गेले. मी त्या रविवारी गेले नाही. पुढच्या रविवारी गेले.

नानांचे भडगावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीत पडलेली मोटार काढायची तर लोक त्यांनाच बोलावतात, कारण ते आधी स्वतः तळाला जाऊन बघून येतात. शर्यतीची ढाल त्यांच्याकडे सतरा वेळा गेली. पण माझ्या दृष्टीने त्यांचे मोठे काम रविवारचे आहे. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत त्यांच्याकडे पोहायला शिकलेली माणसे किती, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. मी ठेवायला हवी होती.

मुलींच्या वर्गाची पद्धत ठरलेली असे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, पायरीवर चादरी आणि चहाची किटली घेऊन बसत. आम्ही गळ्याइतक्या पाण्यात उतरेपर्यंत नाना घाटाकडे पाठ करून शेताकडे तोंड करून बसत. अक्का "हं" म्हणाल्या की ते वळत. एकदा अक्का "हं" म्हणायलाच विसरल्या. नाना वीस मिनिटे कपाशीकडे बघत तसेच बसून होते आणि तिकडूनच ओरडून शिकवत होते, "पाय वाकवू नको! गुडघ्यातून मारतेस तू!" न बघता त्यांना ते कसे कळले, असे मी विचारले. म्हणाले, "आवाजावरून कळतं."

ते पाठीला वाळलेले भोपळे बांधून शिकवतात. दर आठवड्याला भोपळा लहान होत जातो. काही उस्ताद शेवटी भोपळ्याला गुपचूप भोक पाडतात. भोपळ्यात हळूहळू पाणी भरते, शिकणाऱ्याला पत्ता नसतो, आणि बाहेर आल्यावर त्याला सांगतात की तू आज आपल्याच बळावर पोहलास. नानांनी माझ्या वेळी भोपळा हातात देऊन भोक दाखवले. "आज भोपळ्याले भोक शे. पाहून घे. फसवून शिकवलेलं पोहणं अडचणीत कामाला येत नाही." मी घाबरून त्या दिवशी उतरलेच नाही. ते रागावले नाहीत. भोपळा अक्कांजवळ ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी हाच."

गेली चार वर्षे शर्यतीची वेळ मी नोंदवते. नाना मला 'घडीवाली' म्हणतात. अंतराच्या खुणेसाठी पाचशे मीटरला एक अशी रिकामी पिंपे पाण्यात सोडायची, पिंपाशी होडीत झेंडेवाला बसवायचा, ही व्यवस्था माझी. या उन्हाळ्यात चारही वर्षांचे कागद मी शेजारी ठेवून पाहिले. नानांची वेळ दरवर्षी वाढत होती. ते स्वाभाविक आहे. मागच्या चौघांची वेळही दरवर्षी तेवढीच वाढत होती. ते स्वाभाविक नाही. पंचविशीतल्या मुलांचा वेग साठीकडे चाललेल्या माणसाबरोबर उतरत नाही.

आपल्या मंडळींत एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही. पाण्यात उस्तादाच्या आधी पायरीला हात लावायचा नाही. नाना वेगात होते तोवर या रीतीला काही काम नव्हते. आता शर्यतीचा निकाल तीच लावते.

मी कागद घेऊन दुकानात गेले. नाना तांब्याची तार गुंडाळत होते. अक्का डबा घेऊन आल्या होत्या. त्या चौघांतला भूषण तिथेच होता. तो पारोळ्याचा, नानांचा लाडका शिष्य. नानांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले, दोनदा. मग कागद भूषणपुढे धरला.

"हे काय रे?"

भूषण कागदाकडे न बघता म्हणाला, "काही नाही नाना."

"चाळीस सेकंद तू माझ्या मागं काय करत होतास?"

"तुम्ही दम खात होते. आम्हीबी खाल्ला."

नानांनी तार खाली ठेवली. "दम कसाचा रे? मी बुडी ऱ्हायंतू."

त्यांचा खांदा धरला होता, पायात गोळा आला होता आणि दोनदा तोंड पाण्याखाली गेले होते. हे आम्हा तिघांनाही त्या क्षणी पहिल्यांदा कळले. आसपास चार चांगले पोहणारे होते. चौघेही अदबीने मागे थांबले होते.

अक्कांनी डबा उघडला नाही. "घरी येऊन मला काय सांगितलं? म्हणे ढालीबरोबर फोटो काढायला गर्दी होती म्हणून उशीर झाला. आते बठ्ठं बाहेर उनं, सगळं उघडं पडलं."

"भाकर दे," नाना म्हणाले.

"आधी उत्तर द्या."

पुढच्या आठवड्यात अक्का त्यांना जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हृदय चांगले आहे. खांदा झिजला आहे. पोहू नका, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांनी ते म्हणावे, अशी अक्कांची इच्छा होती.

आता त्यांनी शर्यतीतून थांबावे का, यावर माझे आणि नानांचे बोलणे घाटावर झाले. मी त्यांचे म्हणणे हलके करून लिहिणार नाही. ते म्हणाले, "मी ढालीसाठी नाही उतरत. वर्षभर मी दुसऱ्याच्या विहिरीत उतरतो. हा एक दिवस माझा असतो. कधी थांबायचं, ते पाणी सांगेल."

मी म्हणाले, "नाना, मी पाणी मोजते. ते काही सांगत नाही."

"मग तू सांग."

"मी वेळ सांगते."

नाना एक पायरी खाली उतरून बसले. मग म्हणाले, "पोरांनी मला तीन वर्षं न सांगता भोकाचा भोपळा बांधला. त्यांचं चुकलं असं नाही. मीच त्यांना पायरीची रीत शिकवली. पण एकदा तरी मला खरं पोहून बघू दे. कोण किती पुढं जातं ते दिसलं की माझं मला कळेल. तेव्हा मी स्वतः ढाल दुसऱ्याच्या हातात देईन." आणि या लेखाबद्दल म्हणाले, "लिही. बठ्ठं लिही. मी बुडत होतो तेही लिही. नाहीतर लिहू नको."

म्हणून लिहिले आहे.

त्यांची अट अशी. या वर्षी ते उतरतील, पण ज्यांना त्यांच्या पुढे जाता येते त्यांनी पुढे गेले पाहिजे. कोणी थांबणार असेल तर ते उतरणार नाहीत; चिंचेखाली उभे राहून सुरुवातीची शिट्टी वाजवतील. त्यांच्या डाव्या बाजूला दहा फुटांवर होडी असेल, ही अट अक्कांची आहे. ती त्यांनी कुरकुरत मान्य केली. पुढे जाणे आणि मदत करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, ही अट माझी. कोणाचाही हात थांबलेला दिसला तर शर्यत सोडून त्याच्याकडे जायचे. जो जाईल, त्याची वेळ मी वेगळी लिहीन.

भूषणला नानांनी समोर बसवून विचारले होते, "मला मागं टाकशील?" तो म्हणाला, "नाना, ते नाही व्हायचं आमच्याच्यानं." नंतर तो बाहेर येऊन मोटारसायकलची किल्ली हातात फिरवत उभा राहिला. मला म्हणाला, "ताई, तुम्हाला सोपं आहे. तुम्ही काठावर असता." हे खरे आहे. म्हणून मी त्याच्यावर जोर केला नाही. एवढेच सांगितले, की गेल्या वर्षी काठावर मीच होते, मला चाळीस सेकंद दिसले होते आणि मी फक्त घड्याळ बघत होते.

नानांनी मला पोहायला शिकवले. भोक दाखवून शिकवले. त्यांची पंचाहत्तरीही याच घाटावर व्हावी, तोवर त्यांच्या खांद्याने साथ द्यावी आणि रविवारी मुलींचा वर्ग भरावा, तो त्यांनी कपाशीकडे तोंड करून का होईना, शिकवावा. अक्कांनी त्या दिवशीही "हं" म्हणावे. शर्यतीत ते असोत वा नसोत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

राहिली विनंती. ती हा ग्रंथ वाचणाऱ्या आणि या वर्षी शर्यतीत उतरणाऱ्या नानांच्या प्रत्येक शिष्याला आहे. पाण्यात आपण नानांच्या पुढे जाऊ की नाही, हे कळवावे. कारण नको, 'हो' किंवा 'नाही' पुरे. उत्तर गौरव समितीकडे न पाठवता माझ्याकडे पाठवावे. माझा नंबर नानांच्या दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला आहे. एक जरी 'नाही' आले, किंवा कोणाचे उत्तरच आले नाही, तर नानांचे नाव मी यादीत घालणार नाही. भूषणचे उत्तर अजून यायचे आहे.

कोजागरीच्या संध्याकाळी सहा वाजेपर्यंत कळवावे.