दुधातलं पाणी

थंडगार कच्च्या दुधाचा वास आला, की मला गोठणकाका आठवतात. परदेशातल्या हॅमिल्टन गावाच्या धुक्यातून ते कुंपणापाशी येत, तेव्हा चेहऱ्याआधी त्यांच्या लोकरी स्वेटरचा तो वास पोचायचा. दोन हजार चारच्या सुमारास ते आमचे शेजारी होते. दूध गोठवून तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या या सांगलीकराला गावातली सारी मराठी घरं याच नावाने ओळखत.

पाणी घातलेलं दूध शून्याच्या जवळ गोठतं. निकं दूध त्याहून खाली उतरतं. किती खाली, त्यावरून भेसळ कळते. हा नियम काका माणसांनाही लावत. एकदा जेवताना माझा नवरा म्हणाला, "बॉसने आज माझं हीप्स, अगदी ढीगभर कौतुक केलं." आमटी भुरकत काकांनी विचारलं, "पाणी किती घातलंस रे?"

त्याच सुमारास, एका वसंतात आमची तान्ही मुलगी गेली. हृदय जन्मतःच अधू होतं, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. पण ती असताना सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या होत्या, "वजन कसं वाढेल? तुझं दूधच पातळ." ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. ती गेल्यावरही दूध येत राहिलं. ब्लाउज भिजत, डोळे मात्र कोरडे.

एका सकाळी मी कुंपणापाशी बाटली पुढे केली. "काका, हे तपासाल?"

नेहमी टोला तयार असणारे काका गवताकडे पाहत राहिले. "अगं, ते यंत्र फक्त पाणी ओळखतं. ती का गेली, ते त्याला विचारू नकोस."

"पाण्याचंच विचारायचंय."

शनिवारी प्रयोगशाळा रिकामी होती. पोलादाचा गार वास, आणि बोटभर नळीत माझं निळसर दूध. "बघ," काका हलकेच म्हणाले, "गोठायच्या बिंदूखाली गेलं तरी ते द्रवच राहतं. धक्क्याची वाट बघतं." यंत्रातली काडी गुरगुरली. क्षणात नळी पांढरी झाली.

एका आकड्यावर काकांनी कधी विश्वास ठेवला नाही. त्यांनी दुसरी नळी भरली. मग तिसरी.

परवा ते गेल्याचा सांगलीहून फोन आला. प्रयोगशाळेतल्या त्या शनिवारी माझं दुःख तसूभरही पातळ झालं नव्हतं, आजही झालेलं नाही. मी यंत्रापाशी जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा रडले, ते केवळ त्यांनी चष्मा काढून उच्चारलेल्या एका शब्दाने:

"निर्भेळ."